अँटीव्हायरस कुठला घ्यावा? आधी मशीनवर कोण कोण बसतं ते बघा

लॅमिंग्टन रोडच्या कुठल्याही कॉम्प्युटर दुकानात थोडा वेळ उभं राहिलं, की "भाऊ, अँटीव्हायरस कुठला चांगला?" हा प्रश्न कानावर पडतोच. उत्तर बहुतेक वेळा दुकानदाराच्या पाठीमागच्या फळीवर असतं. ज्या कंपनीचे डबे तिथे रचलेले असतात, ती कंपनी चांगली. यात दुकानदाराचा फार दोष नाही. प्रश्नच असा विचारला तर उत्तरात एखादं नावच येणार.

माझं म्हणणं असं, की नावाचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी या मशीनवर कोण कोण बसतं आणि बाहेरून त्यात काय काय येतं, हे विचारायला हवं. परळला एकटी राहून नोकरी करणाऱ्या मुलीचा लॅपटॉप घ्या. आणि बोरिवलीच्या एखाद्या सोसायटीच्या ऑफिसातला डेस्कटॉप घ्या, ज्यावर सेक्रेटरी, खजिनदार, मॅनेजर आणि महिन्यातून एकदा येणारा अकाउंटंट असे सगळे बसतात. या दोघांना एकच उत्तर लागू पडत नाही. पहिल्या मशीनला पैसे खर्च करायची गरज बहुधा नाहीच. दुसऱ्यावर दोन हजारांचा अँटीव्हायरस टाकला, तरी मूळ भोक उघडंच राहू शकतं.

मी इथे विंडोजबद्दलच बोलते आहे, कारण घरोघरी आणि दुकानोदुकानी तेच आहे.

विंडोजमध्ये आधीपासून असलेला

विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा अँटीव्हायरस आधीपासूनच असतो आणि चालूही असतो. त्याला वेगळे पैसे नाहीत, मुदत नाही, रिन्यूअल नाही. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'सिक्युरिटी इसेन्शियल्स' या नावाने फुकट अँटीव्हायरस द्यायला सुरुवात केली आणि २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून तो विंडोजचाच भाग झाला. पहिली काही वर्षं तो खरोखर कच्चा होता. "विंडोजचं फुकटचं काही कामाचं नाही" हे मत त्या काळातलं आहे आणि अजून लोकांच्या तोंडी आहे. आता परिस्थिती तशी राहिलेली नाही. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था अँटीव्हायरसना संरक्षण, मशीनचा वेग आणि खोट्या इशाऱ्यांचा त्रास यांसाठी प्रत्येकी ६, असे १८ पैकी गुण देते. गेली काही वर्षं डिफेंडर तिथे सातत्याने वरच्या गटात असतो.

तुमच्या मशीनवर सध्या पहारा कोणाचा आहे, हे बघायला स्टार्ट मेनूत 'विंडोज सिक्युरिटी' शोधा आणि 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' उघडा. तिथे डिफेंडर दिसेल किंवा दुसऱ्या कंपनीचं नाव दिसेल. नव्या लॅपटॉपवर बऱ्याचदा एखाद्या विकतच्या अँटीव्हायरसची चाचणी आवृत्ती आधीच टाकलेली असते. दुसरा अँटीव्हायरस आला की डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो. पुढे चाचणीची मुदत संपते, कोपऱ्यात "पैसे भरा" अशी खिडकी येत राहते, आणि घरातलं कोणीतरी ती रोज बंद करत बसतं. मशीनवर नाव एकाचं, पहारा कोणाचाच धड नाही, अशा स्थितीत कितीतरी लॅपटॉप चालू असतात. ती चाचणी आवृत्ती ठेवायची नसेल तर सरळ काढून टाका आणि मशीन रीस्टार्ट करा. डिफेंडर परत चालू होतो.

"एकाला दोन असलेले बरे" म्हणून दोन अँटीव्हायरस एकत्र टाकू नका. दोघेही प्रत्येक फाईल उघडताना मध्ये पडतात, एकमेकांच्या कामाला संशयास्पद समजतात, आणि मशीन रांगायला लागतं.

डिफेंडरमधल्या दोन गोष्टी मात्र स्वतः जाऊन बघाव्या लागतात. 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन'मध्ये नको असलेली अ‍ॅप्स अडवायचा पर्याय आहे, तो चालू असू द्या. फुकट पीडीएफ कन्व्हर्टरबरोबर गुपचूप येणारे टूलबार आणि 'क्लीनर' त्यात अडकतात. दुसरी गोष्ट 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस'. ती मुळात बंद असते. चालू केली की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांतल्या फाईली अनोळखी प्रोग्रामला बदलता येत नाहीत. रॅन्समवेअर, म्हणजे फाईलींना कुलूप घालून पैसे मागणारा प्रकार, नेमका तिथे अडतो. पहिले काही दिवस एखादं खरं सॉफ्टवेअरही अडेल. त्याला यादीत घालून परवानगी द्यायची. एवढा त्रास काढण्यासारखा आहे.

पकडतो कसा

जुनी पद्धत ओळखपत्राची. आधी सापडलेल्या प्रत्येक व्हायरसची एक खूण कंपनी यादीत नोंदवते, ती यादी अपडेटमधून तुमच्या मशीनवर येते आणि प्रत्येक फाईल तिच्याशी ताडून बघितली जाते. अडचण अशी, की फाईलमधला एक छोटासा भाग बदलला तरी खूण बदलते. एव्ही-टेस्ट रोज साडेचार लाखांहून अधिक नव्या घातक आणि नको असलेल्या प्रोग्रामची नोंद करते. त्यातले बहुसंख्य जुन्याच मालाला नवा मुलामा दिलेले असतात. एवढी यादी कोणत्याही मशीनवर मावणार नाही.

म्हणून आताचे अँटीव्हायरस फाईल काय आहे यापेक्षा ती काय करते, याच्यावर नजर ठेवतात. एखादा प्रोग्राम उघडल्या उघडल्या एकामागून एक शेकडो फाईली वाचतोय, त्या बदलून परत लिहितोय आणि बॅकअपच्या जुन्या प्रती पुसतोय, तर त्याचं नाव यादीत असो वा नसो, त्याला थांबवायचं. शंका असेल तेव्हा त्या फाईलची माहिती कंपनीच्या सर्व्हरकडे जाते आणि काही क्षणांत उत्तर येतं. जगात दुसरीकडे कोणाला तिचा फटका बसला असेल, तर तुमच्याकडे ती लगेच अडते.

निवड करताना ही शेवटची गोष्ट महत्त्वाची ठरते, कारण सर्व्हरला विचारायला नेट लागतं. ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ज ही संस्था नेट चालू असताना आणि बंद असताना असे दोन्ही आकडे देते. नेट बंद असताना डिफेंडरची पकड काही विकतच्या अँटीव्हायरसपेक्षा ढिली पडते, हे त्यांच्या चाचण्यांत दिसलेलं आहे. घरी वायफाय चोवीस तास असतं, त्यामुळे तिथे फरक पडत नाही. पण ऑफिसातलं एखादं मशीन मुद्दाम नेटपासून तोडलेलं असेल आणि त्यात दिवसभर लोकांचे पेन ड्राइव्ह लागत असतील, तर तिथे विकतचा अँटीव्हायरस घ्यायला खरं कारण आहे. "विकतचं म्हणजे चांगलं" हे काही कारण नव्हे.

वागणुकीवरून पकडायचं म्हटलं की चोर सोडून संन्याशाला फाशी असंही कधी कधी होतं. ओळखीच्या माणसाने बनवून दिलेलं बिलिंगचं छोटं सॉफ्टवेअर अचानक लाल दिसतं. अशा वेळी अँटीव्हायरस बंद करून मोकळं होऊ नका. व्हायरसटोटल ही गूगलच्या मालकीची साइट तीच फाईल एकाच वेळी अनेक कंपन्यांच्या अँटीव्हायरसकडून तपासून देते. दोघातिघांनीच लाल म्हटलं आणि बाकी सगळे गप्प असतील, तर तो बहुधा खोटा इशारा. पण तिथे फक्त प्रोग्राम तपासायचे. आधार कार्डाची प्रत किंवा बँकेचं स्टेटमेंट तिथे चढवायचं नाही, कारण चढवलेल्या फाईली सुरक्षा क्षेत्रातल्या इतरांना बघता येतात.

अँटीव्हायरस नुसता कोपऱ्यात चिन्ह दाखवतोय की खरंच जागा आहे, हे बघायलाही एक सोय आहे. आयकार या संस्थेची ६८ अक्षरांची एक चाचणी फाईल आहे. ती पूर्ण निरुपद्रवी आहे, पण बहुतेक सगळ्या कंपन्यांनी तिला व्हायरससारखं पकडायचं ठरवलेलं आहे. आयकारच्या साइटवरून ती उतरवायचा प्रयत्न करा. लगेच आरडाओरडा झाला तर ठीक. काहीच झालं नाही तर चिन्हावर भरवसा ठेवू नका.

झेरॉक्सच्या दुकानातला पेन ड्राइव्ह

मुंबईत व्हायरस पसरायची सगळ्यात जुनी आणि अजून चालू असलेली जागा म्हणजे झेरॉक्सचं दुकान. कॉलेजच्या बाहेर, कोर्टाजवळ, तहसील कार्यालयासमोर एक मशीन, एक प्रिंटर आणि दिवसभर त्यात लागणारे अनोळखी पेन ड्राइव्ह. तिथून घरी आणलेला ड्राइव्ह लावला की सगळे फोल्डर दिसतात, पण प्रत्येकाच्या चिन्हावर कोपऱ्यात छोटा बाण असतो. कधी सगळं गायब होऊन पेन ड्राइव्हच्याच नावाचा एक शॉर्टकट उरतो. आकार बघितला तर एकदोन केबी.

त्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'टार्गेट'ची ओळ वाचा. तिथे फोल्डरचा पत्ता नसतो. विंडोजचाच एखादा स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम आणि त्याच्यापुढे लपवलेल्या फाईलचं नाव असतं. डबल क्लिक केलं की आधी ती फाईल चालते आणि मग तुमचा खरा फोल्डरही उघडतो. फोल्डर उघडल्यामुळे कोणाला शंकाच येत नाही. तेवढ्यात त्या स्क्रिप्टने स्वतःची एक प्रत मशीनवर ठेवलेली असते, विंडोज सुरू होताना चालणाऱ्या यादीत नाव घातलेलं असतं, आणि पुढे त्या मशीनला लागणारा प्रत्येक पेन ड्राइव्ह ती बाटवते.

लोक इथे घाबरून पेन ड्राइव्ह फॉरमॅट करतात आणि प्रबंधाची एकुलती एक प्रत घालवून बसतात. फाईली बहुतेक वेळा गेलेल्या नसतात. त्यांना 'लपलेली' आणि 'सिस्टिमची' अशा दोन खुणा लावून फक्त दिसेनासं केलेलं असतं. आधी मशीन स्वच्छ करा, कारण बाधित मशीनवर ड्राइव्ह साफ केला तरी तो पुन्हा बाटतो. मग त्याच अँटीव्हायरसने ड्राइव्ह स्कॅन करा. त्यानंतर फोल्डरच्या पर्यायांत जाऊन लपलेल्या फाईली दाखवायला सांगा आणि 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाईल्स' लपवायची खूण काढा. आपला माल तिथेच असतो. तो दुसरीकडे कॉपी करून घ्या आणि मगच ड्राइव्ह फॉरमॅट करा.

तिथेच 'फाईल नेम एक्स्टेन्शन' दाखवायचा पर्यायही कायमचा चालू करून टाका. 'बायोडेटा डॉट पीडीएफ' असं दिसणाऱ्या फाईलच्या पुढे आणखी एक 'डॉट ईएक्सई', म्हणजे प्रोग्रामची खूण, लपलेलं असेल तर ते तुम्हाला डोळ्यांनी दिसेल. प्रिंट काढायची असेल तर शक्यतो पेन ड्राइव्हऐवजी फाईल दुकानदाराच्या ईमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. बाहेरून काही परत येण्याचा मार्गच राहत नाही.

अनेकांचं मशीन

सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये काय काय असतं ते एकदा नजरेखालून घाला. सगळ्या सभासदांचे फोन नंबर, शेअर सर्टिफिकेटच्या प्रती, नॉमिनेशनचे फॉर्म, भाडेकरूंचे करारनामे आणि पोलीस पडताळणीसाठी घेतलेली आधार कार्डं, मेंटेनन्सची बिलं, सोसायटीच्या खात्याचं नेट बँकिंग. शंभर घरांची कागदपत्रं एका मशीनमध्ये. आणि त्या मशीनवर विंडोजचं एकच खातं, ते अ‍ॅडमिनचं, पासवर्ड नाही किंवा असला तर मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. कुठल्या कंपनीचा अँटीव्हायरस घ्यावा यावर कमिटीच्या बैठकीत तासभर चर्चा होते, या एका खात्याबद्दल कोणी बोलत नाही.

अ‍ॅडमिन खात्यावरून चाललेल्या प्रोग्रामला जवळजवळ सगळं करायची मुभा मिळू शकते. तो सॉफ्टवेअर टाकू शकतो, विंडोजच्या आतल्या गोष्टी बदलू शकतो, अँटीव्हायरस बंद पाडायचा प्रयत्न करू शकतो. 'स्टँडर्ड' खात्यावरून चाललेल्या प्रोग्रामला यातलं बरंचसं करता येत नाही. करायला गेला तर अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला जातो. म्हणून अ‍ॅडमिनचं खातं वेगळं ठेवा, त्याचा पासवर्ड एका जबाबदार माणसाकडे आणि एक प्रत बंद पाकिटात सोसायटीच्या कपाटात. रोजच्या कामासाठी प्रत्येकाला स्वतःचं स्टँडर्ड खातं द्या. 'सेटिंग्ज'मधल्या 'अकाउंट्स'मध्ये हे होतं, पैसे लागत नाहीत. घरात मुलं, आजोबा आणि आपण मिळून एकच मशीन वापरत असलो, तर तिथेही हेच करा. मुलाने खेळाचं काहीतरी उतरवलं तर त्याची झळ वडिलांच्या फाईलींपर्यंत पोचणं पुष्कळ अवघड होतं.

अ‍ॅडमिनच्या पासवर्डची किंमत किती, हे मुंबईजवळच न्हावा शेवा बंदरात दिसलं आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या घातक प्रोग्रामने मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा बंद पाडली आणि तिथलं त्यांचं कंटेनर टर्मिनलही त्यात ठप्प झालं. संगणकाचं काम माणसांना हाताने करावं लागलं. नॉटपेट्या ज्या फटीतून शिरत होता, ती बुजवणारं विंडोजचं अपडेट मार्च २०१७ मध्येच आलेलं होतं. पण अपडेट केलेली मशीनही वाचली नाहीत, कारण एका मशीनवर मिळालेले अ‍ॅडमिनचे पासवर्ड वापरून तो शेजारच्या मशीनमध्ये सरळ दारातून शिरत होता. एका कार्यालयात एकाच अ‍ॅडमिन पासवर्डवर दहा मशीन चालवणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं.

सामायिक मशीनवरचा दुसरा धोका ब्राउझरचा. क्रोम "पासवर्ड सेव्ह करू का?" विचारतं, घाईत कोणीतरी 'हो' म्हणतं, आणि वर्षभरात तिथे पाचसहा माणसांचे पासवर्ड जमतात. हल्ली चोरांना फाईली लॉक करण्यात जेवढा रस आहे, तेवढाच या साठ्यात आहे. लुमा नावाच्या अशाच पासवर्डचोर प्रोग्रामवर मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने कारवाई केली. त्याआधीच्या दोनच महिन्यांत जगभरात ३ लाख ९४ हजार विंडोज मशीनमध्ये तो सापडला होता. असे प्रोग्राम पासवर्डबरोबर तुम्ही आधीच लॉगिन असल्याची खूणही उचलून नेतात, म्हणजे मग ओटीपीचीही गरज उरत नाही. सामायिक मशीनवर पासवर्ड सेव्ह करणं ब्राउझरच्या सेटिंगमधून बंदच करून टाका. सायबर कॅफेत किंवा अभ्यासिकेच्या मशीनवर नेट बँकिंग उघडूच नका. इन्कॉग्निटो खिडकीने तिथे काही साधत नाही. ती फक्त इतिहास जपून ठेवत नाही, मशीनमध्ये आधीच बसलेला कोणी टाइप केलेली अक्षरं टिपत असेल तर त्याला ती दिसतातच.

कॅफे, क्लास किंवा अभ्यासिका चालवणाऱ्यांसाठी डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर अँटीव्हायरसपेक्षा जास्त उपयोगाचं आहे. मशीन रीस्टार्ट केलं की ते ठरवून दिलेल्या मूळ स्थितीला परत जातं. दिवसभरात कोणी काय टाकलं, ते सगळं पुसलं जातं.

विकतचा घ्यायचाच असेल तर

घेण्यासारखी परिस्थिती असते. नेटपासून तोडलेल्या मशीनचं वर सांगितलंच. दुसरी परिस्थिती म्हणजे अडचण आली तर फोन उचलून मराठीत किंवा हिंदीत सांगणारं कोणीतरी हवं असणं. एकट्या राहणाऱ्या आईवडिलांसाठी किंवा दुकानासाठी ही सोय पैसे देण्यासारखी आहे, आणि या बाबतीत आपल्याकडच्या कंपन्या जवळच्या आहेत. क्विक हील पुण्याची. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले साताऱ्याकडचे कैलास काटकर आणि त्यांचे भाऊ संजय काटकर यांनी ती उभी केली आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. नेट प्रोटेक्टर, म्हणजे गावोगावच्या दुकानांत दिसणारं एनपीएव्ही, तेही पुण्याचं. ई-स्कॅन मुंबईचं, के-सेव्हन चेन्नईचं. परदेशी कंपन्यांत बिटडिफेंडर रोमानियाची. नॉर्टन, अव्हास्ट, एव्हीजी आणि अविरा ही चारही नावं आता एकाच कंपनीच्या छताखाली आहेत, त्यामुळे त्यांच्यात फार चोखंदळपणा करण्यात अर्थ नाही.

फुकट आवृत्त्यांबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. अव्हास्ट, एव्हीजीसारख्या फुकट अँटीव्हायरसचा परवाना फक्त घरगुती वापरासाठी असतो. दुकान, क्लास, सोसायटीचं ऑफिस त्यात बसत नाही.

अँटीव्हायरसला तुमची प्रत्येक फाईल आणि तुम्ही उघडलेली प्रत्येक साइट दिसते. त्यामुळे कंपनीवरचा विश्वास हा निवडीतला मोठा भाग आहे. अव्हास्टने वापरणाऱ्यांच्या ब्राउझिंगची माहिती आपल्या उपकंपनीमार्फत विकली, म्हणून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्याकडून १ कोटी ६५ लाख डॉलर भरून घ्यायचं ठरवलं आणि जाहिरातींसाठी अशी माहिती विकायला बंदी घातली. कुंपणानेच शेत खाल्लं. त्याच वर्षी अमेरिकेने राष्ट्रीय सुरक्षेला धोका असल्याचं सांगून रशियाच्या कॅस्परस्कीच्या नव्या विक्रीवर बंदी आणली. कॅस्परस्कीचे चाचण्यांतले गुण चांगले असतात आणि कंपनीने आरोप नाकारलेले आहेत. तरी सरकारी किंवा संवेदनशील काम असेल तर मी तरी तो टाकणार नाही.

अँटीव्हायरससारखं सॉफ्टवेअर विंडोजच्या किती आतपर्यंत पोचलेलं असतं, ते १९ जुलै २०२४ ला सगळ्यांनी पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली, मुंबई विमानतळावर चेक-इनच्या रांगा लागल्या आणि देशात काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. म्हणून कोणी "हलका आहे, वेगवान आहे" म्हणून सुचवलेला, कधी नाव न ऐकलेला अँटीव्हायरस टाकू नका.

किमतीत बघायचं ते दुसऱ्या वर्षाचं. पहिल्या वर्षी मोठी सवलत असते आणि कार्डावर ऑटो-रिन्यूअल लावून दिलेलं असतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावरून असे पैसे आपोआप जायच्या २४ तास आधी बँकेने तुम्हाला कळवावं लागतं. तो एसएमएस जाहिरात समजून पुसू नका, त्यातूनच पुढची वजावट थांबवता येते. 'टोटल', 'अल्टिमेट' अशा महागड्या पॅकमध्ये जो व्हीपीएन, रजिस्ट्री क्लीनर आणि पीसी बूस्टर असतो, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. मशीन जुनं असेल, ४ जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क असेल, तर स्कॅन सुरू झाला की ते गुदमरणारच. अशा मशीनवर अँटीव्हायरस बदलत बसण्यापेक्षा ते पैसे एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, टाकण्यात घाला. फरक त्याच दिवशी कळेल.

जे कुठलाच अँटीव्हायरस अडवत नाही

"फसवणूक झाली, आता चांगला अँटीव्हायरस टाकून द्या" असं सांगत लोक येतात तेव्हा फार वाईट वाटतं, कारण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा तो प्रकार असतो. 'डिजिटल अरेस्ट'च्या व्हिडिओ कॉलवर घाबरून स्वतःच्या हाताने पाठवलेले पैसे, फोनवर सांगितलेला ओटीपी, "बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्याच्या सांगण्यावरून टाकलेलं एनीडेस्क, यात व्हायरस कुठेच नसतो. एनीडेस्क हे दुसऱ्याचं मशीन लांबून चालवू देणारं खरं, कायदेशीर सॉफ्टवेअर आहे. अँटीव्हायरसने त्याला का अडवावं?

नवा प्रकार खोट्या कॅप्चाचा. साइट म्हणते, "तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा", आणि विंडोजचं बटण व आर एकत्र दाबून, पेस्ट करून एंटर मारायला सांगते. त्या पेस्टमध्ये चोराची कमांड असते आणि ती तुम्ही स्वतः चालवलेली असते. कोणताही खरा कॅप्चा असं करायला सांगत नाही. "तुमच्या मशीनमध्ये ५ व्हायरस सापडले" अशा ज्या सूचना पडद्याच्या कोपऱ्यात येतात, त्याही बहुतेक वेळा अँटीव्हायरसच्या नसतात. कुठल्याशा साइटला कधीतरी 'अलाऊ' म्हटलेलं असतं, तिच्या जाहिराती असतात. क्रोमच्या सेटिंगमध्ये 'नोटिफिकेशन्स'च्या यादीतून तिला काढा, संपलं.

चोरीच्या विंडोजबद्दल सरळच सांगते. अ‍ॅक्टिव्हेट करणारी 'क्रॅक' फाईल चालवायच्या आधी अँटीव्हायरस बंद करा, अशी सूचना तिच्यासोबतच येते, आणि लोक ती पाळतात. घरगुती मशीनवर सर्वाधिक दिसलेलं स्टॉप-डेजाव्हू हे रॅन्समवेअर अशाच क्रॅकमधून पसरलं. त्याच्या जुन्या प्रकारांनी लॉक केलेल्या फाईली सोडवणारं साधन एमसिसॉफ्ट या कंपनीने २०१९ मध्ये फुकट दिलं, नव्यांपुढे ते बहुतेक वेळा चालत नाही. रॅन्समवेअरचा फटका बसलाच तर पैसे भरायच्या आधी 'नो मोअर रॅन्सम' ही युरोपोलच्या सहभागाने चालणारी साइट बघा, अशी साधनं तिथे एकत्र मिळतात.

आणि विंडोज १०. त्याची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. वाढीव मुदतीची नोंदणी केली तर ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटिंग्ज सिंक केली तर त्यासाठी पैसे पडत नाहीत. डिफेंडरची व्हायरस यादी विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहील, पण त्यामुळे निश्चिंत होऊ नका. यादी ताजी असली तरी विंडोजमधली फट तशीच उघडी राहते, आणि ती विकतच्या अँटीव्हायरसनेही बुजत नाही. मशीन विंडोज ११ ला चालणार नसेल आणि कामं ब्राउझरचीच असतील, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकून तेच मशीन आणखी काही वर्षं वापरता येतं.

मशीन बाधित झाल्याची शंका आली तर आधी वायफाय बंद करा किंवा नेटची वायर काढा. मग 'डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' चालवा. तो विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधी तपासतो, त्यामुळे लपून बसलेलंही सापडतं. पासवर्ड बदला, पण दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून किंवा फोनवरून, आणि जीमेलमध्ये जाऊन बाकी सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरायच्या आत गोठवली तरच ती मिळायची आशा असते.

कागदपत्रांची आणि फोटोंची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. कॉपी झाली की ती डिस्क मशीनपासून काढून ठेवा, कारण लागलेली राहिली तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप घालतं. आणि अधूनमधून त्या डिस्कवरची एखादी फाईल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, उघडते की नाही ते.